मुंबई ते नागपूर : दीड तासाचं विमान पडतं केवढ्याला?

मुंबईहून नागपूरला विमानाने किती वेळ लागतो, असं मोबाइलला विचारलं की उत्तर येतं, साधारण दीड तास. अंतर विचारलं तर तीन-चार वेगवेगळे आकडे समोर येतात. भाडं विचारलं तर सकाळी एक असतं, संध्याकाळी दुसरंच. यातलं कुठलंच उत्तर खोटं नसतं, पण घरातल्या लग्नाला, मुलाच्या ॲडमिशनला, मंत्रालयातल्या कामाला किंवा नागपूर खंडपीठातल्या तारखेला निघालेल्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. या दारातून निघून त्या दारात पोचेपर्यंत जागेपणीचे किती तास खर्ची पडणार, आणि खिशातून एकूण किती जाणार?

हा हिशेब इथे विमान, रेल्वे, स्वतःची गाडी आणि ट्रॅव्हल्स अशा चारही मार्गांनी मांडला आहे. तिकिटं आणि इंधन यांचे दर बदलते असतात. त्यामुळे इथली भाडी अंदाज म्हणून घ्यावीत आणि आपल्या तारखेचे भाव त्यात घालून बघावेत.

अंतर एकच, आकडे तीन

नकाशावर मुंबई आणि नागपूर विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती भरते साधारण ६८५ किलोमीटर. रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते नागपूर अंतर आहे ८३७ किलोमीटर, कारण लोहमार्ग कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा असा फिरून जातो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो सुरू होतो भिवंडीजवळच्या आमणेला आणि संपतो नागपूरबाहेर शिवमडक्याला. दादरहून निघणाऱ्याने दोन्ही टोकांची भर धरली तर गाडीच्या मीटरवर ७७०च्या आसपास किलोमीटर पडतात.

यातला कुठला आकडा कशासाठी वापरायचा? पेट्रोलसाठी ७७०, रेल्वेच्या भाड्यासाठी ८३७. हवेतलं अंतर एरवी आपल्या काही कामाचं नसतं, पण अडचणीच्या वेळी तेच कामाला येतं. डिसेंबर २०२५ मध्ये देशभर विमानं धडाधड रद्द झाली आणि उरलेल्या जागांचे भाव कडाडले, तेव्हा केंद्र सरकारने भाड्यांवर अंतरानुसार मर्यादा घातली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये आणि ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये, कर आणि विमानतळाची शुल्कं वेगळी. मुंबई–नागपूर या दुसऱ्या गटात बसत होतं. ती मर्यादा त्या संकटापुरती होती. एरवी या मार्गाच्या भाड्याला असं झाकण नसतं.

दीड तासात हवेत किती?

तिकिटावर सुटण्याची आणि पोचण्याची वेळ छापलेली असते. तिच्यात विमान मुंबईत जागेवरून हललं तिथपासून नागपुरात जागेवर लागलं तिथपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं. चढण आणि उतरण धरून ते हवेत साधारण एक तास ते एक तास दहा मिनिटं असतं. बाकीची वीस-तीस मिनिटं जमिनीवर जातात, आणि त्यातली बहुतेक मुंबईत.

मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी वाहतूक करता येत नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या शहराचा भार एका वेळी एकाच धावपट्टीवर. गर्दीच्या वेळी विमान रांगेत उभं राहतं, आणि परतीच्या प्रवासात मुंबईवर घिरट्या घालतं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर प्रत्येकी एक दिवस धावपट्ट्यांच्या देखभालीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ विमानतळ बंद ठेवण्याची पद्धत आहे. ती तारीख आधी जाहीर होते. त्या दिवशी सकाळच्या किंवा संध्याकाळच्या विमानाने जाणार असाल तर उशिराची तयारी ठेवा.

वाऱ्याचाही थोडा वाटा असतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि येताना समोरून येतात. त्यामुळे जाण्यायेण्याच्या वेळात काही मिनिटांचा फरक दिसला तर तो छपाईचा दोष नसतो.

आता हेच गणित दादरच्या घरापासून करू. घर ते विमानतळ पाऊण ते एक तास. सुटण्याच्या दीड ते दोन तास आधी पोचणं, कारण देशांतर्गत विमानाचं सामान घेणारं काउंटर साधारणपणे सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट २०-२५ मिनिटं आधी. मग दीड तास विमान. पुढे उतरणं, पट्ट्यावरून बॅग घेणं यात अर्धा तास. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहरालगतच आहे, त्यामुळे सीताबर्डी किंवा धरमपेठेत जायला आणखी अर्धा तास पुरतो. एकूण झाले पावणेपाच ते साडेपाच तास. फक्त हातातली बॅग असेल तर यातला पाऊण तास वाचतो.

तिकीट उघडून पाहिलं तर

एरवीच्या दिवसांत, तीन-चार आठवडे आधी काढलेलं थेट विमानाचं तिकीट बहुधा साडेतीन ते साडेपाच हजारांत मिळतं. आयत्या वेळी तेच आठ-दहा हजारांच्या पुढे जातं. पण संकेतस्थळावर पहिल्यांदा दिसणारा आकडा आणि शेवटी कार्डावरून जाणारा आकडा यांत फरक असतो. ‘भाड्याचा तपशील’ असं लिहिलेल्या जागी बोट लावा, म्हणजे ओळी उलगडतात.

पहिली ओळ मूळ भाड्याची. काही कंपन्या तिच्याखाली इंधन शुल्क वेगळं दाखवतात. मग विमानतळ वापर शुल्क आणि सुरक्षा शुल्क. मग जीएसटी, जो इकॉनॉमी वर्गाला ५ टक्के आहे आणि त्यावरच्या वर्गांना सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. इथपर्यंतच्या ओळी टाळता येत नाहीत. टाळता येण्यासारखं सगळं याच्या खाली असतं. आवडत्या जागेचे पैसे, खाणं, विमा, लवकर चढण्याची सोय, आणि शेवटच्या पानावर येणारी ‘सुविधा फी’. ही फी बहुतेक ठिकाणी माणशी आणि फेरीगणिक लागते. चौघांचं जाण्यायेण्याचं तिकीट काढलं की ती आठ वेळा लागली म्हणून समजा. चार संकेतस्थळांवर भाव जरूर बघा, पण तुलना करताना शेवटच्या पानावरचा आकडा धरा. विम्याच्या चौकोनात आधीच बरोबरची खूण असेल तर ती काढा. वेब चेक-इन करताना पैसे देऊन जागा निवडणं बंधनकारक नसतं. फुकटच्या जागा असतात, त्या शोधाव्या लागतात.

स्वस्त तिकिटांच्या यादीत वरच्या ओळीत कधीकधी दिल्ली किंवा हैदराबादमार्गे जाणारं विमान असतं. पाच-सातशे रुपये वाचवण्यासाठी अख्खा दिवस जातो. ‘थेट’चं बटण दाबूनच यादी पाहा.

आता सामान. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर बहुतेक कंपन्यांत आत द्यायला १५ किलो आणि हातात ७ किलो सामान चालतं. फक्त हातबॅगेचं स्वस्त तिकीट असेल तर हे १५ किलो मिळत नाहीत. जास्तीच्या सामानाला किलोमागे काही शे रुपये पडतात. नागपूरहून परतताना संत्र्यांची पेटी आणि बर्फीचे डबे घेण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण वजन पुढे गेलं तर काउंटरवर भरायची रक्कम संत्र्यांच्या भावाच्या कितीतरी पट होते. जास्तीचं सामान नेणारच असाल तर त्याचे पैसे आधी ऑनलाइन भरा, काउंटरपेक्षा ते स्वस्त पडतं. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नका, ती हातातच न्यावी लागते.

कुठलं विमानतळ, कुठलं टर्मिनल?

पूर्वी हा प्रश्न नव्हता, आता आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं सुटू लागली. संकेतस्थळावर ‘मुंबई’ टाकलं की दोन्ही विमानतळांची विमानं एकाच यादीत येऊ शकतात. वाशी, बेलापूर, पनवेलच्या माणसाला नवी मुंबई सोयीची. बोरिवलीच्या माणसाने ते स्वस्त तिकीट घेतलं तर वाचलेले पैसे टॅक्सीवाल्याला जातील. दक्षिण मुंबईतून गाडीने अटल सेतूवरून जाणार असाल तर टोल धरा. जानेवारी २०२४ मध्ये सेतू सुरू झाला तेव्हा कारला एका फेरीचे २५० रुपये ठरले होते.

जुन्या विमानतळावरही टर्मिनल १ आणि टर्मिनल २ रस्त्याने काही किलोमीटर दूर आहेत, आणि एकाच कंपनीची विमानं दोन्हीकडून सुटू शकतात. तिकिटावरचं टर्मिनल निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघून घ्या.

विमानतळावर जाण्याचा खर्च आता कमी करता येतो. कुलाबा–वांद्रे–सीप्झ भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. तिला टर्मिनल १ आणि टर्मिनल २ अशी दोन वेगळी स्थानकं आहेत, आणि मार्गावरचं जास्तीत जास्त भाडं ७० रुपये आहे. टॅक्सीला जिथे चारशे-सहाशे जातात आणि वेळेची खात्री नसते, तिथे एक बॅग घेतलेल्या माणसाला याहून चांगलं काही नाही. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रोचा उपयोग नाही. सहाच्या विमानासाठी साडेतीन-चारला टॅक्सीच बोलवावी लागते. नागपूरलाही वर्धा रोडवर विमानतळाच्या नावाचं मेट्रो स्थानक आहे, पण ते टर्मिनलच्या दारात नाही. मधला टप्पा रिक्षाने किंवा बसने करावा लागतो.

रेल्वे : तास जास्त, दिवस शून्य

कागदावर रेल्वे मागे पडते. दुरांतोला मुंबईहून नागपूरला साधारण अकरा तास लागतात, विदर्भ आणि सेवाग्राम एक्स्प्रेसना चौदा-पंधरा. पण हे तास कुठले ते पाहा. दुरांतो रात्री सव्वाआठच्या सुमारास सुटते आणि सकाळी सात-साडेसातला नागपूरला सोडते. विदर्भ संध्याकाळी सातच्या सुमारास निघते. जेवून झोपलात की प्रवासाचा बराचसा भाग झोपेतच संपतो, आणि सकाळी दहाच्या कामाला तुम्ही हजर असता. विमानाने त्याच वेळी पोचायचं तर एकतर पहाटे तीनला उठा, नाहीतर आदल्या संध्याकाळी जाऊन हॉटेलचे दीड-दोन हजार मोजा. विमानाच्या खर्चात हे हॉटेल धरायला लोक हमखास विसरतात.

भाडं अंदाजे असं : सुपरफास्टला स्लीपर पाचशेच्या आसपास, थर्ड एसी तेराशेच्या आसपास, सेकंड एसी अठराशे ते दोन हजार. दुरांतोचं भाडं मात्र चढतं असतं. जागा भरत जातात तसतसे दर दहा टक्के जागांमागे मूळ भाड्यात टप्प्याटप्प्याने वाढ होते. उशिरा काढलेलं दुरांतोचं सेकंड एसी तिकीट आणि लवकर काढलेलं विमानाचं तिकीट यांत कधीकधी हजाराचाही फरक उरत नाही.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पर्यंत ही मुदत १२० दिवस होती. तत्काळ आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधारशी जोडलेलं खातं लागतं, ते काम आधीच उरकून ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला बर्थ घेतलीत तर पूर्ण भाडं, नाही घेतली तर अर्धं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती गृहीत धरू नका. सामानाची मात्र चैन आहे. स्लीपर आणि थर्ड एसीला ४० किलो, सेकंड एसीला ५०.

कल्याण-डोंबिवलीच्या माणसाने तर आधी रेल्वेचाच विचार करावा. विदर्भ एक्स्प्रेस कल्याणला थांबते. तिथून मुंबई विमानतळ गाठायलाच दीड-दोन तास जातात. वर्धा, बडनेरा, अकोल्याला उतरणाऱ्यांचंही तेच. नागपूरपर्यंत उडून मागे येण्यापेक्षा रेल्वे सरळ पडते. अमरावतीकरांना एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईची विमानसेवा मिळाली, पण ती रोज नसते, वार बघूनच बेत करा.

स्वतःची गाडी : एकट्याला महाग, चौघांना स्वस्त

समृद्धीचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटर, ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि मुंबईच्या उंबरठ्यापासून नागपूरपर्यंत सलग रस्ता तयार झाला. सपाटीवर कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात १००. महामार्गाचे आठ-नऊ तास, दादर ते आमणे दीड तास, शिवमडका ते घर अर्धा-पाऊण तास. जेवणाचे थांबे धरून दहा-अकरा तास मोकळे ठेवा.

खर्च बघू. ७७० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटरचा ॲव्हरेज, पेट्रोल १०४ रुपये धरलं तर इंधनाचे सुमारे ५,३५० रुपये. समृद्धीचा टोल कारला एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २ रुपये ६ पैसे आहे, म्हणजे पूर्ण मार्गाचे १,४४५. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. चहा-जेवण धरून बेरीज साडेसात हजारांच्या घरात जाते. गाडीत एकटे असाल तर हा प्रवास विमानापेक्षा महाग पडला. चौघं असाल तर माणशी एकोणीसशे, आणि नागपुरात फिरायला गाडीही हाताशी.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, १२०च्या वेगाला ॲव्हरेज उतरतो. १०० ठेवलात तर तासाभराने उशीर होईल, पण काहीशे रुपयांचं पेट्रोल वाचेल. दोन, फास्टॅग चालू आहे आणि त्यात पैसे आहेत याची खात्री करा. टोल किती अंतर चाललात त्यावर बाहेर पडताना कापला जातो. तीन, टायर. तासन्‌तास सरळ रस्ता, तापलेलं काँक्रीट आणि सारखा वेग, यात जुना टायर दगा देतो आणि चालवणाऱ्याचे डोळे मिटतात. निघण्यापूर्वी हवा आणि झीज तपासा, दर दोन तासांनी थांबा, आणि पेट्रोल पंप दिसला की पुढच्याची वाट न बघता टाकी भरून घ्या. दुचाकी आणि रिक्षाला या रस्त्यावर बंदी आहे. इलेक्ट्रिक गाड्यांना ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी दिली आहे, पण चार्जिंगचे थांबे आधी ठरवून मगच निघा.

ट्रॅव्हल्स

रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सचं भाडं एरवी हजार ते अठराशेच्या दरम्यान असतं आणि वेळ बारा-चौदा तास. रेल्वेचं तिकीट मिळालं नाही की लोक इकडे वळतात, आणि नेमकं तेव्हाच भाडं दुप्पट होतं. राज्य सरकारच्या २०१८च्या आदेशाप्रमाणे खासगी बसला त्याच मार्गावरच्या त्याच प्रकारच्या एसटी बसच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. जास्त घेतलं तर तिकिटाचा फोटो ठेवून परिवहन विभागाकडे तक्रार करा. बसमध्ये चढल्यावर संकटकालीन दार कुठे आहे आणि ते सामानाने अडवलेलं नाही ना, हे बघायला अर्धं मिनिट पुरतं. बसायच्या आधी ते बघाच.

चौघांचं कुटुंब, एका बाजूचा हिशेब

दोन मोठी माणसं, बारा वर्षांपुढची दोन मुलं, दादर ते धरमपेठ.

- विमान : तिकिटं ४,५०० प्रमाणे १८,०००, सुविधा फी आणि जागा १,२०० ते २,०००, दोन्हीकडच्या टॅक्सी हजारभर. एकूण २०,००० ते २१,०००. वेळ पाच तास, सगळे जागेपणीचे.
- रेल्वे, थर्ड एसी : तिकिटं ५,२००, टॅक्सी आणि जेवण हजारभर. एकूण ६,२००च्या आसपास. वेळ अकरा ते पंधरा तास, त्यातले जागेपणीचे चार-सहा.
- स्वतःची कार : इंधन, टोल, खाणं मिळून ७,५००. वेळ दहा-अकरा तास, चालवणाऱ्याला सगळे जागेपणीचे.
- ट्रॅव्हल्स : माणशी १,२०० ते १,५०० धरले तर ५,००० ते ६,०००. वेळ बारा-चौदा तास, झोप लागली तर तुमचं नशीब.

एकट्या माणसाचा हिशेब निराळा. विमान साडेपाच-सहा हजार, रेल्वे सतराशे-अठराशे, कार सात हजारांपुढे. म्हणजे चौघांच्या यादीत तिसरी स्वस्त असलेली कार एकट्याला सगळ्यांत महाग.

हे दिवस टाळा, नाहीतर आधी बुक करा

या मार्गाचं स्वतःचं एक कॅलेंडर आहे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं. मंत्री, आमदार, अधिकारी, पत्रकार आणि मोर्चेकरी असे सगळे एकदम निघतात. त्या काळात सोमवार सकाळची नागपूरची आणि शुक्रवार संध्याकाळची मुंबईची विमानं आणि नागपुरातली हॉटेलं दोन्ही महागतात. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी विदर्भातून लाखो लोक दादरला येतात, त्यामुळे ३-४ तारखेपासून मुंबईकडे आणि ६च्या रात्रीपासून नागपूरकडे गाड्या तुडुंब असतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीकडे तसाच ओघ असतो. रेल्वे दोन्ही वेळी जादा गाड्या सोडते, त्यांची घोषणा पाहत राहा. दिवाळी आणि मे महिना तर सगळीकडेच महाग. अशा दिवसांसाठी रेल्वेचं तिकीट साठाव्या दिवशी सकाळी काढा, आणि विमानाचं दीड-दोन महिने आधी. मंगळवार-बुधवारच्या दुपारची विमानं बहुधा सगळ्यांत स्वस्त असतात.

उशीर झाला, विमान रद्द झालं, तर?

छापील वेळ इथे पुन्हा कामाला येते, कारण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांत भरपाई छापील उड्डाणवेळेवर ठरते. मुंबई–नागपूर ‘एक तासापेक्षा जास्त, दोन तासांपर्यंत’ या गटात येतं.

कंपनीने नियमाप्रमाणे आधी न कळवता विमान रद्द केलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, आणि त्याशिवाय भरपाई देय होते. या गटाला ती ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी असेल ते. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून ३,६०० असेल तर ३,६०० मिळतील. खराब हवामान किंवा हवाई नियंत्रणाची अडचण, अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असतील तर भरपाई मिळत नाही, पण परताव्याचा हक्क राहतो.

या मार्गावर दोन तास किंवा जास्त उशीर झाला तर वाट बघणाऱ्याला खाणंपिणं देणं कंपनीला बंधनकारक आहे. कोणी आणून देईल याची वाट न बघता काउंटरवर जाऊन मागा. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे, यांतला पर्याय तुमचा. जास्त तिकिटं विकल्यामुळे तुम्हालाच उतरवलं आणि तासाभरात सुटणाऱ्या विमानात जागा दिली नाही, तर २४ तासांच्या आत नेल्यास मूळ भाड्याच्या दुप्पट अधिक इंधन शुल्क, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिरा नेल्यास चौपट अधिक इंधन शुल्क, कमाल २०,०००.

तुम्हीच तिकीट रद्द केलंत तर कंपनी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यापलीकडे काही कापू शकत नाही. ‘परतावा नाही’ असं लिहिलेल्या तिकिटावरही विमानतळ शुल्क आणि कर परत मिळतात, अगदी विमान चुकलं तरी. मागितल्याशिवाय ते बहुधा येत नाहीत, म्हणून मागा. एजंटकडून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच.

एक बारीक कलम फार महागात पडू शकतं. बुकिंग करताना संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाई मिळत नाही. एजंट अनेकदा स्वतःचाच मोबाइल नंबर टाकतो आणि विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्याकडे जाऊन पडतो. तिकीट हातात आलं की त्यावर तुमचा नंबर आणि ईमेल आहे का, हे आधी बघा.

तक्रार पहिल्यांदा कंपनीकडे लेखी. दाद लागली नाही तर केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर, आणि त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. रेल्वेसाठी १३९. बोर्डिंग पास, उशिराचे मेसेज आणि खाण्याची बिलं निकाल लागेपर्यंत जपून ठेवा.

मग कोणी काय घ्यावं?

सकाळी काम, संध्याकाळी परत, असा एका दिवसाचा बेत असेल तर विमानाला पर्याय नाही, आणि त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणं वाजवी आहे. सकाळचं काम आणि एक मुक्काम चालण्यासारखा असेल तर रात्रीची रेल्वे घ्या. तिकिटाबरोबर हॉटेलही वाचतं. तीन-चार माणसं, भरपूर सामान आणि चालवायला दोघं असतील तर गाडी काढा. चालवणारा एकच असेल तर तो पर्याय यादीतून खोडा. आजारी किंवा फार वयस्कर माणूस बरोबर असेल तर विमानाची व्हीलचेअर बुकिंग करतानाच नोंदवा आणि बाकी हिशेब बाजूला ठेवा.

उरलेल्या सगळ्यांनी एक भागाकार करावा. विमान आणि रेल्वे यांच्या एकूण खर्चातला फरक काढा, आणि विमानाने जागेपणीचे जितके तास खरोखर वाचतात त्यांनी त्याला भागा. एकट्या माणसाच्या उदाहरणात फरक आला चार हजारांचा. दुरांतोशी तुलना केली तर वाचलेले जागेपणीचे तास जेमतेम शून्य. दिवसाच्या गाडीशी केली तर आठ-नऊ, म्हणजे तासाला साडेचारशे ते पाचशे रुपये. तुमचा तास तेवढ्याचा असेल तर विमानाचं तिकीट काढा, नसेल तर साठ दिवस आधी रेल्वेचं आरक्षण उघडेल त्या सकाळचा गजर लावा.